आधीं काय घडलें?

लांबलेल्या कथेच्या नशिबीं एक प्रश्न चुकत नाहीं. ती चार-पांच भागांपलीकडे गेली कीं ऐकणाऱ्यांपैकीं कोणी तरी बोटें मोजीत विचारतोच, "मग हें आधीं घडलें कीं तें?" पूर्वीं हा प्रश्न माजघरांत आजीला विचारला जाई, सांप्रत तो संगणकाच्या पडद्यापुढें विचारला जातो. पैठण तालुक्यांतील पाचोडाचें नांव बाहेर निघतें तें बहुधा मोसंबीच्या बाजारामुळें. पण तेथील तरुणांच्याहि हातीं आतां जपानांत रचलेले भयाचे खेळ आले आहेत, आणि एकाच मालिकेचे आठ-दहा भाग पालथे घातल्यावर त्यांचा वाद भुतांविषयीं न होतां तारखांविषयीं होतो. वडील मंडळी तो ऐकून हंसतात. जें मुळांत घडलेंच नाहीं त्याचा आगापिछा काय शोधावयाचा, असा त्यांचा आक्षेप.

आक्षेप वरवर बिनतोड आहे. परंतु तो पुरता मान्य केला तर शाकुंतलहि नीट वाचतां येणार नाहीं. दुर्वासाचा शाप आधीं आणि राजाचें विस्मरण मागाहून, म्हणून कालिदासाचा दुष्यंत निर्दोष ठरतो. महाभारतांतील मूळ कथेंत शाप नाहीं. तेथें राजा शकुंतलेस ओळखूनहि नाकारतो. एक घटना अलीकडे घातली आणि एका पुरुषाचें पातक धुऊन निघालें. दोन्ही गोष्टी कल्पित माना वा न माना, ह्या पुरुषाविषयीं आपलें मत काय, हें क्रमावरच ठरतें. तेव्हां पाचोडच्या पोरांचा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाहीं, असें आम्हांस वाटतें.

ज्यांच्या घरीं हे खेळ शिरलेले नाहींत त्यांच्यासाठीं थोडी हकीकत सांगतों. 'रेसिडेंट एव्हिल' ही मालिका कॅपकॉम ह्या जपानी कंपनीनें 1996 सालीं सुरू केली. पहिल्या भागांत रानांतील एका वाड्यांत 1998 च्या जुलै महिन्यांतील एक रात्र काढावयाची असते. दुसरा भाग 1998 सालीं आला. त्यांतील प्रकार त्याच वर्षाच्या सप्टेंबरअखेर रॅकून सिटी ह्या कल्पित शहरांत घडतो. 1999 सालच्या तिसऱ्या भागानें पहिला घोटाळा केला. तो दुसऱ्याच्या एक दिवस आधीं सुरू होतो आणि दुसरा आटोपल्यावर संपतो. नायिका बाधा होऊन बेशुद्ध पडलेली असते तेवढ्या अवकाशांत दुसऱ्या भागांतील सारी रात्र उरकते, आणि 1 ऑक्टोबरच्या सकाळीं तें शहर अस्त्र टाकून नष्ट केलें जातें. 2002 सालीं 'शून्य' ह्या अंकाचा भाग निघाला, तो पहिल्याच्याहि आदल्या रात्रीचा. 2005 सालचा चौथा भाग एकदम सहा वर्षें ओलांडतो. आणि 2012 सालीं आलेला एक उपभाग पुन: मागें वळून चौथ्या-पांचव्याच्या मधल्या काळांत शिरतो.

येथवर सारें काम पंचांगाचें आहे. कागद घ्यावा, तारखा मांडाव्या, उत्तर निघतें. खरी अडचण पहिल्याच भागांत दडलेली आहे. तेथें खेळणाऱ्यानें क्रिस किंवा जिल ह्या दोघांपैकीं एकाची भूमिका घ्यावयाची असते. जिलची घेतली तर बॅरी नांवाचा वडीलधारा सहकारी वारंवार भेटतो. क्रिसची घेतली तर बॅरी आरंभींच नाहींसा होतो व त्याच्या जागीं रेबेका ही नवशिकी मुलगी येते. कोण जगावें, कोण मरावें, हें पुष्कळ अंशीं खेळणाऱ्याच्या वर्तनावर अवलंबून. पुढील भाग मात्र असें गृहीत धरून चालतात कीं हीं चौघेंहि त्या रात्रींतून जिवंत सुटलीं. म्हणजे मालिकेनें जो इतिहास खरा मानला, तो ज्या रूपानें मानला त्या रूपानें एकाहि खेळणाऱ्याला खेळतां आलेला नाहीं!

ह्यांत नीतीचा प्रश्न कोठें आला, असें कोणी विचारील. तो बॅरीपाशीं आला. जिलच्या वाटेवर हा गृहस्थ बायकोमुलींच्या जिवाची धमकी मिळाल्यामुळें फितुरास सामील होतो. क्रिसच्या वाटेवर त्याची फितुरी आपल्या दृष्टीसच पडत नाहीं. पुढें तिसऱ्या भागाच्या एका शेवटांत तोच बॅरी जळत्या शहरांतून जिलला सोडविण्यास येतो. आतां ह्या येण्याला मित्राचा उपकार म्हणावें कीं प्रायश्चित्त म्हणावें? दोहोंत महदंतर आहे. जिनें क्षमा केली तिला क्षमा करण्याजोगें कांहीं घडलेलें होतें कीं नाहीं, हेंच ठाऊक नसेल तर त्या क्षमेला अर्थ उरत नाहीं. हा प्रश्न करणारा मुलगा, त्याला स्वत:ला न कळत, धर्मशास्त्राचाच प्रश्न करीत असतो.

आणि हा घोळ परदेशचा म्हणून नाक मुरडण्याचें कारण नाहीं, कारण ह्याहून मोठा घोळ पाचोडच्या उंबरठ्याशीं, खुद्द पैठणांत, हजार वर्षें नांदत आहे. भयकथांची आपली सर्वांत जुनी मालिका म्हणजे वेताळाची. सोमदेवानें अकराव्या शतकांत काश्मीरांत रचलेल्या कथासरित्सागरांत तिचा नायक त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी गोदातीरींचें प्रतिष्ठान, म्हणजे आमचें पैठण. एक भिक्षु त्याला रोज एक फळ आणून देतो, फळांत रत्न निघतें, आणि त्या उपकाराच्या बदल्यांत राजानें अवसेच्या सुमारास स्मशानांतून झाडाला लटकणारें प्रेत खांद्यावरून आणावयाचें ठरतें. पुढचें सर्वांस ठाऊक आहे: वेताळ गोष्ट सांगतो, प्रश्न करतो, उत्तर येत असून राजा गप्प राहिला तर डोकें फुटावयाचें, आणि बोलला तर मौन मोडून प्रेत पुन: झाडावर. परंतु आपल्या लोकांच्या तोंडीं हा राजा पैठणचा राहिला नाहीं. तो उज्जयिनीचा विक्रम झाला. सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांची मराठी 'वेताळपंचविशी' 1830 सालची. तेव्हांपासून छापील पुस्तकांनींहि विक्रमाचें नांव घरोघर पक्कें केलें.

त्यांत पैठणची दुसरी दंतकथा मिसळली म्हणजे गोंधळ पुरा होतो. पैठणास कुंभाराच्या घरीं वाढलेल्या शालिवाहनानें मातीचे हत्ती, घोडे व शिपाई जिवंत केले आणि चालून आलेल्या विक्रमाचा पराभव केला, असें आपण लहानपणीं ऐकतों. विक्रम संवताचा आरंभ इसवी सनापूर्वीं 57 व्या वर्षीं धरतात, शालिवाहन शकाचा इसवी सन 78 पासून. मध्यें 135 वर्षें जातात! एक तर विक्रमाचें आयुष्य अफाट असलें पाहिजे, नाहीं तर लढाईच नसली पाहिजे. संशोधक सांगतात कीं ह्या दोन्ही कालगणनांस हीं नांवें फार मागाहून चिकटलीं. तेव्हां त्यांच्यापुरता वाद मिटतो. पण गोष्ट ऐकणाऱ्या मुलाचा मिटत नाहीं. प्रेत वाहणारा राजा पैठणचा मानला तर तो ह्या गांवाचा धनी; उज्जयिनीचा मानला तर ह्याच गांवाचा शत्रु. पैठणकरांनीं दोन्ही गोष्टी सारख्याच प्रेमानें सांगितल्या आणि त्यांची गांठ कधीं घातली नाहीं. हें औदार्य होतें कीं नुसता आळस, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं. बृहत्कथेचीहि तीच गत. गुणाढ्यानें पिशाचाच्या तोंडून ऐकलेल्या कथा रानांत बसून आपल्या रक्तानें लिहिल्या, सातवाहन राजानें त्या नाकारल्या, तेव्हां त्यानें सात लक्षांपैकीं सहा लक्ष श्लोक अग्नींत टाकले, असें कथासरित्सागरच सांगतो. ज्या मालिकेचे सातांतले सहा भाग जळाले तिचा क्रम काय लावणार!

तथापि वेताळकथेंत एक जागा अशी आहे कीं तिनें आमचा विचार पालटला. राजा दर प्रश्नाला उत्तर देतो. अडतो तो फक्त शेवटच्या प्रश्नाला. एक राजा व त्याचा पुत्र रानांत दोन स्त्रियांचीं पावलें उमटलेलीं पाहतात. मोठें पाऊल ती वडिलांची, लहान ती मुलाची, असा ते आपसांत करार करतात. गांठ पडल्यावर कळतें कीं मोठें पाऊल मुलीचें आणि लहान आईचें! तरी दिलेला शब्द पाळून बाप मुलीशीं लग्न लावतो आणि मुलगा तिच्या आईशीं. पुढें त्यांस जीं मुलें झालीं त्यांचें परस्परांशीं नातें काय? त्रिविक्रमसेन निरुत्तर होतो, मुकाट्यानें चालूं लागतो. आणि वेताळ प्रसन्न होतो तो ह्या मौनानें. प्रश्न नीट पाहिला तर तो क्रमाचाच आहे: कोण आधींच्या पिढीचा आणि कोण नंतरच्या? चातुर्यानें जी रात्र संपली नाहीं ती येथें संपते. मात्र वाचकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं राजा आधींच्या प्रत्येक प्रश्नावर झगडला होता. पहिल्याच प्रश्नाला आळसानें गप्प बसला असता तर वेताळ प्रसन्न झाला नसता, डोकें फुटलें असतें.

ह्याच मुलखांत दुसरें एक उदाहरण आहे, आणि तें कथेचें नव्हे. चक्रधरांच्या मागें म्हाइंभटांनीं त्यांच्या लीळा जमविल्या. ज्यांनीं पाहिलें, ज्यांनीं ऐकलें, त्यांस गांठून त्यांनीं एक-एक आठवण पारखून घेतली, आणि ग्रंथाची मांडणी एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध अशी केली. पुढें मूळ पोथी गेली, पाठांतरांवरून ती पुन: उभी करावी लागली, आणि पाठापाठांत भेद पडले. तेथें 'दोन्ही पाठ गोड आहेत, राहूं द्या' असें म्हणून चालत नाहीं. कारण एक मनुष्य पैठणच्या वाटेनें खरोखर चालून गेला होता. तो एका दिवशीं एकाच गांवीं होता. आपण तो दिवस ओळखूं शकलों नाहीं तरी तो दिवस होता. कल्पित कथेंत असा दिवसच नसतो. तेथें आहे तो फक्त सांगणाऱ्याचा शब्द.

म्हणूनच, आमच्या मतें, कथेच्या क्रमाविषयींचा हट्ट हा इतिहासाचा हट्ट नसून वचनाचा आहे. सांगणाऱ्यानें सांगितलें कीं अमुक मेला. आम्हीं त्याच्यासाठीं जीव वरखालीं केला. पुढच्या भागांत मागणी आहे म्हणून तोच हंसत परत आला, तर आमची फसवणूक झाली. भयकथेंत तर हा व्यवहार अधिकच कडक पाळला पाहिजे, कारण झालेलें परत फिरत नाहीं ह्याचेंच तर भय! दार बंद झालें तें झालें, मागें राहिलेला मागें राहिला. तारीख जुलैची ऑगस्ट झाली तर आम्ही डोळेझांक करूं; विक्रमाचीं 135 वर्षेंहि पदरांत घेऊं. पण बॅरीनें दगा दिला कीं नाहीं, हें मोघम ठेवून त्याला पुढें सज्जन म्हणून मिरविणें आम्हांस मान्य नाहीं. हे खेळ पैशासाठीं रचले जातात, त्यांच्याकडून कसली वचननिष्ठा मागतां, असें म्हणणारांस आमचें इतकेंच विचारणें आहे कीं हरिदासासहि बिदागी मिळतेच ना? म्हणून श्रोत्यांची गर्दी पाहून त्यानें अभिमन्यूस चक्रव्यूहांतून सुखरूप बाहेर काढलेलें कोणी ऐकून घेईल काय?

उलट बाजूचाहि एक दोष सांगितला पाहिजे. नारायण धारप (1925–2008) ह्यांच्या 'समर्थां'च्या गोष्टी एका पिढीनें वाचनालयांतून आणून वाचल्या; जो भाग घरीं गेलेला नसेल तो आधीं. कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं, कारण समर्थांचें शील प्रत्येक गोष्टींत तेंच राहतें. जेथें क्रमाची गरज नाहीं तेथें तो लादणें म्हणजे देवळांतील दगड मोजणें. 'सायलेंट हिल' मालिकेच्या 2001 सालच्या दुसऱ्या भागाला अनेक शेवट आहेत, आणि कोणता वांट्यास यावा हें खेळणारा वाटेंत कसा वागला, स्वत:च्या जखमांची हेळसांड केली कीं नाहीं, अशा बारीक गोष्टींवर ठरतें. त्यांतला एकच खरा म्हणून वहींत टिपून बाकीचे खोडणारा मनुष्य आम्हांस त्या राजपुत्रासारखा वाटतो, जो पावलाच्या ठशावरून नातें ठरवून मोकळा झाला.

राहतां राहिला व्यवहाराचा भाग. 'रेसिडेंट एव्हिल'चा दुसरा भाग 2019 सालीं, तिसरा 2020 सालीं आणि चौथा 2023 सालीं नव्यानें रचून काढण्यांत आला, व जुन्या-नव्यांत पुष्कळ ठिकाणीं मेळ नाहीं. त्यांची सांगड घालीत बसूं नये, पैठणकरांनीं दोन विक्रमांची घातली नाहीं तशी. ज्या मुलांस आरंभ करावयाचा आहे त्यांनीं भाग निघाले त्याच क्रमानें घ्यावे. सांगणाऱ्यानें ज्या क्रमानें गुपित उघडलें त्याच क्रमानें त्याच्यापाशीं हिशेब मागतां येतो. तारखांप्रमाणें लावूं गेल्यास वाड्यांत कोण भला, कोण फितूर, हें पाऊल टाकण्यापूर्वींच कळून बसतें. 'शून्य' हा भाग, त्याचें नांव कांहींहि असो, निदान पहिल्या तिघांनंतर हातीं घ्यावा.