मोकळ्या गाडीनं बाजूला व्हावं

पांदीत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर वाट कुणी द्यायची, यावर आमच्याकडं कधी वाद झाल्याचं मला आठवत नाही. मोकळ्या गाडीनं चाक वावरात घालायचं आन् भरली गाडी जाऊ द्यायची. गाडीवान ओळखीचा असो नाहीतर परगावचा. ज्या बैलांच्या मानेवर वजन जास्त, त्यांचा हक्क पहिला.

पुण्याला गेलो की हा नियम हटकून आठवतो. स्वारगेटला उतरायचं, हातात ज्वारीची पिशवी, आणि रस्ता ओलांडायचा. सिग्नल लाल झाला तरी मोटारसायकली वळतच राहतात. पांढऱ्या पट्ट्यांवर उभं राहिलं तरी कुणी थांबंना. सिग्नल नसलेल्या पट्ट्यांवर पहिला हक्क चालणाऱ्याचा, असं कायदा म्हणतो बरं का. 2021 पासून महापालिका 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही पाळते, त्या दिवशी गाड्या बंद. मला पोळाच आठवला. बैलाला एक दिवस पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी पुन्हा जू.

मी आपला उपाय काढलाय. पळायचं नाही. चार माणसांच्या घोळक्यात शिरायचं, हात वर करायचा, गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघत एका चालीनं जायचं, मधूनच माघारी फिरायचं नाही. नजरेला नजर भिडली की बरेच जण ब्रेक दाबतात. म्हणून तर काहीजण मुद्दाम बघतच नाहीत. बघितलं की थांबावं लागतं, हे त्यांनाही ठाऊक असतं.

शहरातली माणसंच तसली, असं म्हणून मोकळं होता येत नाही. आमच्या तेरखेड्यावरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो, तिथं गावातल्या पोराची मोटारसायकलही कुणासाठी थांबत नाही. आणि पुण्यात डिलिव्हरीच्या पिशव्या घेऊन पळणारी कितीतरी पोरं आपल्याच मराठवाड्यातली हायेत. त्यात माझा भाचाही आला. गावात म्हातारी दिसली की गाडी उभी करून "बसा मावशी" म्हणणारा पोरगा. त्याला विचारलं, तिथं का थांबत नाहीस? तर म्हणाला, "मामा, थांबलं की मागचा हॉर्न मारतो. उशीर झाला तर गिऱ्हाईक बोलतंय."

खोटं नाही त्याचं. पांदीत वजन डोळ्यांना दिसायचं. इथं कुणाच्या पिशवीत दुसऱ्याचं जेवण, कुणाचं माणूस दवाखान्यात. ज्याला त्याला आपलीच गाडी भरलेली वाटती. मग मोकळी कुणाची धरायची? मला वाटतं, ओझं दिसत नसंल तर धडक बसल्यावर कुणाचं हाड मोडणार ते बघावं. मी त्याला म्हणलं, "तुझं ओझं पेट्रोल वाहतंय बाबा. म्हातारीचं तिचे गुडघे वाहत्यात. तिच्यापुढं तुझी गाडी मोकळीच."

त्याला पटलं. पटलं म्हणजे हसला. मग म्हणाला, "मामा, हे मागच्या हॉर्नवाल्याला कोण सांगणार?"