आधी घर की आधी चित्र?



गेल्या महिन्यात दृढीकरणाच्या वर्गात मी मुलांना असिसीच्या भूकंपाची हकीकत सांगत होतो. २६ सप्टेंबर १९९७ रोजी पहाटेच्या अंधारात इटलीचा उंब्रिया प्रांत हादरला. दिवस उजाडल्यावर नुकसान पाहण्यासाठी काही जण संत फ्रान्सिस यांच्या महामंदिरात गेले असता पावणेबाराच्या सुमारास दुसरा धक्का बसला आणि वरच्या मंदिराचे छत कोसळले. चौघे मरण पावले, दोघे मठातले आणि दोघे तंत्रज्ञ. छतावरची सातशे वर्षांची भित्तिचित्रे लाखो तुकड्यांत विखुरली. चिमाबुए या चित्रकाराचा संत मत्तय तर भुगाच झाला. माणसांनी मलबा चाळून नखाएवढे तुकडे वेचले, रंगांप्रमाणे वेगळे केले आणि जोडत बसले. नोव्हेंबर १९९९ मध्ये मंदिर पुन्हा उघडले, तेव्हा डोंगरातल्या गावांतली पुष्कळ कुटुंबे अजून कंटेनरच्या घरांत राहत होती.

एक मुलगा उठून म्हणाला, "फादर, लोक डब्यात राहत होते आणि हे चित्रं जोडत होते?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाने असे कबूल करणे बरे दिसत नाही, पण तसे झाले खरे.

मुलाचे म्हणणे खोटे नाही. प्रीतीलाही क्रम असतो, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. भुकेला शेजारी दाराशी असताना चित्राचा विचार करणे हे पाप ठरेल. मात्र 'आधी' म्हणजे 'फक्त' नव्हे. घर सहा महिन्यांनी बांधले तर हाल होतात, पण बांधता येते. चित्राचे तुकडे बुलडोझरने एकदा ढकलून दिले की चिमाबुए पुन्हा जन्माला येत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात कोणीतरी वाकून ते वेचावे लागतात; जोडायला मग वर्षे लागली तरी चालतील. आणि ज्यांची घरे गेली, त्यांचे मंदिरही गेले असते तर गाव म्हणायला त्यांच्याजवळ काय उरले असते? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात निसर्गाचा वारसा आणि इतिहास-कला-संस्कृतीचा वारसा एकाच दमात धोक्यात असल्याचे सांगितले, ते मला पटते.

त्या छताची आणखी एक गोष्ट अभियंत्यांनी दाखवून दिली. कमानींच्या वरच्या खोलगट भागांत शतकानुशतके दुरुस्त्यांचा राडारोडा साचला होता. कोणी तो खाली आणला नाही, वर कोण पाहते? भूकंपात तेच ओझे छताला भोवले.

हे वाचताना मला माझ्या आधीच्या धर्मग्रामातले बावखल आठवले. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरले, वीज गेली, गाड्या बंद पडल्या. आम्ही सभागृहात खिचडी शिजवून वाटली, त्याबद्दल खंत नाही. खंत आहे ती पुढच्या महिन्याची. भिजून फुगलेली फरशी आणि पडकी भिंत काढली, टाकायची कुठे? मागच्या बावखलात टाका, असे मीच सांगितले. ट्रॅक्टरच्या चार खेपा झाल्या. कामाची घाई होती आणि त्या शेवाळलेल्या पाण्याचा कोणाला उपयोग, असे मला वाटले. तुमच्यातल्या वाडीवाल्यांना सांगायला नकोच. पूर्वजांनी खणलेल्या त्या खड्ड्यांत पावसाचे पाणी थांबते, जमिनीत मुरते, विहिरी गोड राहतात, खारे पाणी आत सरकत नाही. रहाट, केळी, पानवेल, सारे त्यावरच उभे राहिले. एक आजी काठी टेकत आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "फादर, आता पुढचं पाणी कुठे जाणार?" पुरातून सावरताना मी पुढच्या पुराचीच सोय करीत होतो.

आपल्या चर्चच्या पश्चिमेचे बावखलही निम्मे बुजले आहे. ते भरून पार्किंग करावे असा अर्ज पॅरिश कौन्सिलपुढे आहे. लग्नाच्या दिवशी गाड्यांचे हाल होतात, हे मीही पाहतो. पण माझे मत आतला राडारोडा उपसण्याचे आहे आणि त्याचे कारण वर सांगितले. तुमचे वेगळे असेल तर येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात येऊन सांगा. त्या मुलालाही बोलावले आहे.

आपला,
धर्मगुरू