जातींची मोजदाद आणि गाळातला ठेवा

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा बातमी माणसांच्या तहानेची होती, आणि ती तशीच असायला हवी होती. लातूरला पाणी पुरवणाऱ्या मांजरा धरणातला उपयुक्त साठा संपला होता. त्या पाण्यातल्या माशांचे काय झाले, हे विचारायला कोणाला सवड होती? त्याच वर्षीच्या पावसाळ्यात धरण भरले. बाजारात रोहू-कटला होतेच. मग हरवले काय?

पाणथळ जागेचे आरोग्य आपण सहसा जातींच्या यादीवरून ठरवतो. इतके पक्षी, इतके मासे. पण एकाच जातीच्या पोटात आणखी एक विविधता असते, ती जनुकांची. शिवारात ज्वारी आहे एवढ्याने भागत नाही. सगळी एकाच वाणाची असेल तर एक रोग पुरतो.

या दोन विविधतांचे नाते काय? मॅकआर्थर आणि विल्सन यांनी १९६७ मध्ये बेटांचा सिद्धान्त मांडला: बेट जितके लहान आणि एकाकी, तितक्या तिथे जाती कमी. मार्क व्हेलंड यांनी २००३ मध्ये दाखवले, की हेच तर्कशास्त्र जनुकांनाही लागू पडते. बऱ्याच ठिकाणी दोन्ही विविधता बरोबरीने वाढतात आणि बरोबरीनेच घटतात. बऱ्याच ठिकाणी, सगळीकडे नव्हे.

नांदेड-लातुरात बेट पाण्याचे आहे आणि समुद्र जमिनीचा. बारूळचे मानार धरण, लिंबोटी, तिरू, घरणी, साकोळ, कंधारचा राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागर; शिवाय मांजरेवरची बॅरेजेसची माळ. उन्हाळ्यात ही सगळी एकमेकांपासून तुटलेली. पावसाळ्यात दारे उघडली, ओढे भरले की काही दिवस पाणी पाण्याला भेटते. मरळीसारखा हवेतूनही श्वास घेणारा मासा तर ओल्या जमिनीवरून थोडे अंतर सरपटतही जातो. हे काही दिवसच जनुकांच्या देवाणघेवाणीचे.

दुष्काळाचा घाव मात्र हिशेबात धरतो त्याहून खोल असतो. समजा, एका तलावात एखाद्या माशाची दहा हजार प्रजननक्षम डोकी आहेत आणि दर वर्षी नवी पिढी येते. नऊ वर्षे हाच आकडा टिकला, दहाव्या वर्षी डोहात पन्नासच उरले. साधी सरासरी नऊ हजारांच्या वर येते. जनुकांच्या हिशेबात मात्र ती संख्या पाचशेच्याही आत भरते, कारण तिथे वाईट वर्षाचे वजन सर्वांत जास्त. यादीत त्या माशाच्या नावापुढची खूण तशीच राहते.

रोहू, कटला, मृगळ यांची गोष्ट निराळी. साचलेल्या पाण्यात त्यांची वीण नीट होत नाही, म्हणून तलावाचा ठेका घेणाऱ्या मच्छीमार संस्था बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्ले, आणून सोडतात. हिरालाल चौधुरी यांनी १९५७ मध्ये संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन साधले आणि भारताची मत्स्यशेती उभी राहिली. त्या उपकाराला मोल नाही. पण मोजक्याच नर-माद्यांवर वर्षानुवर्षे बीज काढले की नात्यातल्या नात्यात वीण होते. कर्नाटकातल्या बीज केंद्रांच्या अभ्यासात एकनाथ आणि डॉयल यांना १९९० मध्ये नेमके हेच दिसले. उलट भुवनेश्वरच्या संशोधकांनी गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, गोमती आणि सतलज या पाच नद्यांचे रोहू एकत्र आणून निवडपद्धतीने ‘जयंती रोहू’ घडवला. आधी विविधता गोळा केली, म्हणून पुढे निवड करता आली.

म्हणजे आपल्याकडे यादी भरलेली आणि वाण आखडलेला, असे होऊ शकते. बाहेरून आणलेले बीज जातींचा आकडा सावरून धरते, आणि म्हणूनच तो आकडा फसवा ठरतो.

तरीही पाणवनस्पती आणि बारीक जिवांचा एक ठेवा उरतो, गाळात. डार्विनने एका लहान तळ्यातला तीन मोठे चमचे चिखल घेतला. वाळल्यावर तो जेमतेम १९० ग्रॅम भरला. सहा महिन्यांत त्यातून ५३७ रोपे उगवली. पाणपिसवा नावाच्या बारीक पाणजिवांची सुप्त अंडी तर दशकानुदशके टिकतात. युरोपातल्या कॉन्स्टन्स सरोवराच्या गाळातली जुनी अंडी उबवून शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवले, की विषारी शेवाळाला तोंड देण्याची या जिवांची ताकद मधल्या काळात बदलली होती. कोरड्या वर्षांत नाहीशी झालेली जनुके अशी खालून परत येऊ शकतात.

इथे ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेचा विचार करायला हवा. गाळ उपसणे चूक नाही. साठा वाढतो, रानही सुधारते. पण जेसीबीने सारा तळ एकाच उन्हाळ्यात खरवडला, तर वरच्या थरातली ही बँकही ट्रॅक्टरमध्ये भरून शिवारात जाते आणि तिथे वाळून संपते. काठालगतचा एखादा पट्टा अस्पर्श ठेवायला खर्च येत नाही.

कायद्याकडून फार आशा नको. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत, आणि मराठवाड्यातले बहुतेक मोठे पाणी तसेच आहे. तेव्हा काम गावाने आणि संस्थेनेच करायचे: उन्हाळ्यात एक खोल डोह उपशातून वगळावा, गाळ टप्प्याटप्प्याने काढावा, आणि बोटुकलीचा भाव ठरवताना बीज केंद्राला एवढे जरूर विचारावे, की प्रजनक मासे किती आहेत आणि ते शेवटचे कधी बदलले.