ससाण्याचंही म्हणणं ऐकावं

आजचे चिंतन : महाभारत, वनपर्व. ससाणा आणि कबुतराची कथा.

मे महिन्यात आपल्या बार्शीटाकळीकडे पारा ४५ च्या घरात जातो. अंगणात पाण्याचं परळ आणि मूठभर ज्वारी ठेवली की चिमण्या, साळुंक्या, होले, बुलबुल गोळा होतात. आणि जिथे पाखरं, तिथे शिक्राही येतो. राखाडी पाठ, लाल डोळे, अंगानं पारव्याएवढा. कडूनिंबाच्या पानांत निमूट बसतो आणि एका झेपेत काम करतो. परवा शेजारी त्यानं चिमणी उचलली. घरातलं पोरगं रडवेलं होऊन म्हणालं, "आजी, आपण दाणे टाकले म्हनूनच ते मेली ना? त्या शिक्र्याले गोटा मारू का?"

"निसर्गाचा नियम आहे बाप्पा" एवढं सांगून हा प्रश्न मिटत नाही.

कीर्तनात आपण ही कथा शिबी राजाची म्हणून ऐकतो. वनपर्वात ती उशीनर राजाच्या नावानंही येते. कबुतर राजाला शरण आलं, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. ससाणा काय बोलला, ते मात्र आपण विसरतो. तो म्हणतो, राजा, तू माझा घास काढून घेतोस. मी मेलो तर माझी बायकापोरंही मरतील. एकाला वाचवताना दुसऱ्याला मारणारा धर्म कसला? राजानं त्याला हाकललं नाही. आधी बैल, रानडुक्कर, हरीण यांचं मांस देऊ केलं. ससाण्यानं ते नाकारलं. शेवटी राजानं स्वतःचंच मांस तराजूत घातलं.

इथे थांबून विचार करावा. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून केलेली दया त्या तराजूत चाललीच नाही. शिक्र्याचीही पिल्लं याच उन्हाळ्यात घरट्यात असतात. त्याला गोटा मारणं म्हणजे त्याच्या पोरांच्या घासानं आपलं पुण्य विकत घेणं.

मग आपल्या पदरचं काय द्यायचं? पाखरांना आपण बोलावलं, तेव्हा त्यांची काळजीही आपलीच. परळ उघड्यावर न ठेवता दाट झुडपाजवळ ठेवावं, म्हणजे त्यांना लपायला जागा मिळते. मात्र मांजर दबा धरेल इतकंही चिकटून नको. परळ रोज घासावं. शिक्रा रोजच येऊ लागला तर आठ-दहा दिवस दाणे बंद ठेवावेत, पाणी तेवढं राहू द्यावं. पाखरं पांगतात, शिकारीही दुसरीकडे जातो. तितके दिवस खिडकीतून पाखरं पाहण्याचा आपला आनंद जातो. तोच आपल्या वाट्याचा तराजू.

आजचा संकल्प : ज्याची कीव येते त्याच्यासाठी काही करताना, त्याची किंमत कोण चुकवतंय, हे आधी पाहीन.

चिमणीचाही तोच, शिक्र्याचाही तोच. पांडुरंगा, दोघांनाही सांभाळ.

राम कृष्ण हरी.