चावीची आगगाडी

लातूरकरांची पहिली रेल्वे एखाद्या खेळण्यासारखीच होती. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर ठेवले आणि प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार पडू दिला नाही. १९११ मध्ये ती लातूरला पोहोचली. तिकडे नांदेडची गाडी मीटरगेज.

आता दोन्हीकडे ब्रॉडगेज आहे. छोट्या गाडीची हौस मात्र सुटत नाही.

माळ्यावरची ट्रंक उघडली की कधी पत्र्याची चावीची आगगाडी हाती लागते. पत्र्याचे कान दुमडून जोडलेले डबे, चाकांशी गंज, चावी बहुधा हरवलेली! अशी गाडी नव्याने रंगवू नये. मऊ फडक्याने पुसावी, कमानीला थेंबभर तेल द्यावे. खरवडलेल्या रंगातच कुणाचे तरी बालपण आहे.

या हौसेचे भव्य रूप पुण्यात, कोथरूडला दिसते. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले. सिग्नल, पूल, सर्कशीचा तंबू, आणि त्यांमधून धावणाऱ्या गाड्या. लातूर-नांदेडच्या मुलांनी पुण्याला गेल्यावर ते जरूर पाहावे, आजोबांना सोबत घेऊन.