भिंतीवरचा तळहात

आमच्या हॉलच्या भिंतीला ओल आली तेव्हा सोसायटीतल्या जाणकारांनी वरच्यांची सगळी फरशी उखडायला सांगितली होती. प्लंबर आला. त्याने भिंतीवर तळहात टेकवला, वीतभर वर सरकवला, पुन्हा टेकवला. वरच्यांना नळ सोडायला लावून भिंतीला कान लावला. "इथं नाही, मोरीच्या कोपऱ्यात आहे," म्हणाला. दोन टाइल फोडल्या आणि गंजलेला एल्बो हातात आला.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे पितामह म्हणवले जाणारे, २०२४चे नोबेल विजेते जेफ्री हिंटन यांनी २०२५मध्ये पोरांना दिलेला सल्ला असा: प्लंबर व्हा. हेच गृहस्थ २०१६मध्ये म्हणाले होते, की नवे रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवा. रेडिओलॉजिस्टांचं अजून तरी बरं चाललंय. तेव्हा भाकीत बेतानंच घ्यावं. त्यामागचं निरीक्षण मात्र जुनं आणि पक्कं आहे. यंत्राला चेकर्स खेळायला शिकवणं त्यामानानं सोपं, पण वर्षाच्या पोराला जमतं तसं बघणं-हालणं शिकवणं महाकठीण, असं हान्स मोरावेक यांनी १९८८मध्येच लिहून ठेवलं. गणित माणसाला अलीकडे जमलं. तोल, स्पर्श, नजर यांच्यामागे उत्क्रांतीची कोट्यवधी वर्षं आहेत. आमच्या भिंतीवरचा तळहात या दुसऱ्या खात्यातला.

गंमत अशी, की यंत्राची भीती सुरुवातीला नेमकी कसबी हातांनाच होती. १८११मध्ये नॉटिंगहॅमकडे यंत्रं फोडणारे लडाइट अडाणी मजूर नव्हते, मोजे विणण्यात मुरलेले कारागीर होते. हलका माल झटपट काढून मजुरी पाडणाऱ्या मालकांवर त्यांचा राग होता. सरकारनं दुसऱ्याच वर्षी यंत्र फोडणाऱ्याला फाशीची तरतूद करून टाकली.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. माझा मामा पुण्यातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होता. मराठीचे खिळे जुळवणं म्हणजे जोडाक्षरं, काना-मात्रा, रफार मिळून खिळ्यांच्या पेटीत, म्हणजे केसमध्ये, शेकडो खण. टिळकांनी ही संख्या कमी करायच्या खटपटीत डोकं घातलं ते उगाच नाही. मामा केसकडे न बघता ‘क्ष’ उचलायचा, स्टिकमध्ये उलटी ओळ बसवायचा आणि उलटीच वाचायचा. नजर, बोटं, स्पर्श, मोरावेकची सगळी यादी त्याच्याकडे होती. नव्वदीच्या आसपास डीटीपी आलं. कॉम्प्युटर काही खिळा उचलायला शिकला नाही. खिळ्याचंच काम उरलं नाही. केसमधलं शिसं किलोवर मोडीत गेलं आणि मामा प्रुफं वाचायला लागला. हाताचं काम यंत्राला जमणार नाही म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवलेला बरा. प्लंबरांचंच बघा ना. लोखंडी पाइपला आटे पाडायचं त्यांचं कसब सीपीव्हीसीच्या सोल्युशननं बरंचसं खाल्लंच की.

हाताचं काम शिका, हे आपल्याकडेही नवं नाही. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाचा कणा करायचं मांडलं. आमच्या शाळेपर्यंत पोचेतो त्याचा ‘कार्यानुभव’ झाला होता: शनिवारचा तास, कागदी पाकिटं आणि बाईंनी सगळ्यांना सारखेच दिलेले गुण. आयटीआयचं नाव तर दहावीला कमी मार्क पडलेल्या पोराच्या घरी हळू आवाजातच निघायचं.

आवाज हळू का व्हायचा, याचं उत्तर वर्ध्याच्या वर्षभर आधी, १९३६मध्ये, बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये देऊन ठेवलं होतं. जात ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी. उद्योगधंदे पालटत राहणार, तर माणसाला धंदा बदलायची मोकळीक हवी. जात ती देत नाही, म्हणून ती बेकारीचं थेट कारण ठरते. ऑटोमेशनवर आजकाल ढिगानं लिहिलं जातं, त्यात याहून नेमकं मला काही सापडलेलं नाही. हिंटन यांच्या टोरांटोत प्लंबर होणं हा पोरासमोरचा एक पर्याय असेल. आपल्याकडे गटाराच्या चेंबरमध्ये कोण उतरतं, हे विचारावं लागत नाही. ज्याच्या आजोबानं शिकून ते काम सोडलं, त्या नातवाला ‘हाताच्या कामाला आता भाव येणार’ हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

आमचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाड्याचा. त्या जिल्ह्यातून देशभर प्लंबर जातात. तिथल्या पट्टामुंडईला प्लंबिंगची सरकारी संस्थाही आहे. हा मात्र तिथं शिकलेला नाही. सोळाव्या वर्षी चुलत्याच्या हाताखाली लागला आणि दोन वर्षं नुसती हत्यारं उचलली. भिंतीला हात चुलत्यानं लावू दिला तो तिसऱ्या वर्षी.

काम आटोपल्यावर त्याने पाना पुसून पिशवीत टाकला आणि सातशे सांगितले. "पाऊण तासाचं तर काम," माझ्या तोंडून निघून गेलं. आदल्याच महिन्यात दाताच्या डॉक्टरांनी दहा मिनिटांचे आठशे घेतले होते, तेव्हा मी थँक्यू म्हणालो होतो. सहाशेवर मिटलं. पिशवी खांद्याला लावून तो जिन्यानं उतरला. कामगारांनी लिफ्ट वापरू नये, अशी आमच्या सोसायटीत पाटी आहे.