साठ घोडे आणि एक कारकून

चाळिशी उलटली की माणसाला दोन गोष्टी होतात. चष्मा लागतो आणि अवदसा आठवते. चष्मा मला वेळेवर लागला. अवदसा जरा उशिरा, बेचाळिसाव्या वर्षी आठवली. ती लाल रंगाची, दोन दारांची आणि उघड्या टपाची होती.

सॅन स्टॉर्म हे नाव आता फारसे कुणाला आठवणार नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला गोव्यात तयार होऊ लागलेली ही स्पोर्ट्स गाडी. अंग फायबरग्लासचे, छप्पर कापडाचे, पोटात रेनोचे 1149 सीसीचे पेट्रोल इंजिन, ताकद साठेक घोड्यांची. खऱ्याखुऱ्या परदेशी स्पोर्ट्स गाड्यांपुढे साठ घोडे म्हणजे तबेल्याचा एक कोपरा, हे मला ठाऊक आहे. पण घाटकोपर स्टेशनबाहेर 'भटवाडी' म्हटल्यावर रिक्षावाल्याने मान फिरवलेली पाहण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला साठ पुष्कळ झाले.

गाडीत बसायच्या जागा दोन, आमच्या घरात माणसे चार. "उरलेल्या दोघांनी काय मागून धावत यायचं का हो?" सौ.ने विचारले. मी म्हटले, "लोकल आहे की." पुढे दोन दिवस घरात पूर्ण शांतता होती.

विकणारे गृहस्थ पार्ल्याचे, अत्यंत सुसंस्कृत. चहाबरोबर चकली दिली. त्यांनी एकही खोटे वाक्य उच्चारले नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. मी पोचलो तेव्हा इंजिन चालूच होते. "तुम्ही येणार म्हणून सुरू करून ठेवली," म्हणाले. खरेच होते. "आवाज ऐका, कसा मऊ आहे." तोही होता. मी टायरला लाथ मारून पाहिली. ती कशासाठी मारतात ते मला माहीत नाही, पण सिनेमात मारतात. मग चेक फाडला.

तिसऱ्या आठवड्यात लालबहादूर शास्त्री मार्गावर, सायंकाळी सातच्या गर्दीत, साठही घोडे एकदम उकळले.

मेस्त्रीने बॉनेट उघडून माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की पेशंटऐवजी मलाच झोपवतो की काय! "साहेब, इंजिन गार असताना बघायचं असतं. गार इंजिन सुरू होताना धूर दाखवतं, खडखडतं. गरम केलेलं गपगुमान चालतं. वर जाड ऑईल भरलं की आवाज आपोआप मऊ." मग त्याने ऑईलचे झाकण उलटे करून दाखवले. आत दुधाळ कॉफीसारखा चिकट थर. म्हणजे हेड गॅस्केट गेलेले, ऑईलमध्ये पाणी. कूलंटच्या जागी वर्षानुवर्षे नळाचे पाणी, आणि काटा लाल झाला तरी हाणलेली गाडी. "इंजिन बिचारं चांगलं आहे. याच जातीचं तिकडे क्लिओ, ट्विंगोला असतं. माणसांनी वाट लावली."

त्या रात्री मला बी.कॉम.चा अभ्यास आठवला. भारतीय करार कायदा, 1872, कलम 17. अ ने ब ला लिलावात घोडा विकला. घोड्यात खोड आहे हे अ ला माहीत, पण तो बोलला नाही. ही फसवणूक नव्हे. परीक्षेत हे उदाहरण लिहून मी पाच मार्क मिळवले होते. त्यातला ब मीच निघेन असे तेव्हा वाटले नाही. मात्र कायद्याने पुढे दोन फाटे फोडले आहेत. ब ही अ ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे हे अ चे कर्तव्य. आणि ब म्हणाला, 'तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर घोडा चांगला असं मी समजेन', तर तिथे गप्प बसणे हे बोलण्यासारखेच. थोडक्यात, पोटच्या पोरीला आणि हुशार गिऱ्हाइकाला खरे सांगावे. उरलेल्या भोळ्यांचे काय, हे कायदा विचारत नाही. मला ते विचारावेसे वाटले, कारण मी भोळ्यांत होतो.

पुढे मी भोळ्यांतून उठलो. गाडी विकायला काढली. गॅस्केट बदलले होते, पण गाडी अजून तापत होती. मेस्त्रीने कानात सांगितले, "जाड ऑईल टाकतो. अर्धा तास आधी चालू करून ठेवा." गिऱ्हाईक आले ते आमच्याच शाखेतल्या शिपायाचा मुलगा, नुकता नोकरीला लागलेला. इंजिन मी चालू करून ठेवले होते. घरात चकली नव्हती, एवढाच पार्ल्याशी फरक.

तो गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "काका, काही असलं तर तुम्ही सांगालच."

कलम 17 मधली मुलगी आणि हुशार गिऱ्हाईक एकाच शर्टात उभे! मी किल्ली फिरवून इंजिन बंद केले. "उद्या सकाळी सातला ये, गार असताना. येताना तुझा मेस्त्री आण." दोघे आले, धूर पाहिला, झाकण पाहिले, किंमत चाळीस हजारांनी उतरवली आणि गाडी घेऊन गेले. सौ.ला सगळे सांगितले. ती म्हणाली, "बरं केलंत." लग्नानंतर हे वाक्य दुसऱ्यांदा ऐकले.

आता त्याचे वडील रोज अकराला माझ्या टेबलावर चहा ठेवतात. "पोरगा खूश आहे साहेब," म्हणतात. मीही मान हलवतो. मुलाने इंजिनाबद्दल विचारले होते, मी इंजिनाबद्दल सांगितले. दुसरा गिअर चढावर मधूनच निसटतो, हे मात्र राहिले. येत्या सोमवारी सांगणार आहे. असे सहा सोमवार झाले. चहात हल्ली आलेही असते.